पैसा, वाडा, बटलर काढून घेतला तर बॅटमॅनमध्ये उरतं काय?

भरती-ओहोटी

गेल्या आठवड्यात गावची जत्रा झाली. दशावतार उभा राहायलाच रात्रीचा एक वाजला, संपला तेव्हा फटफटलं होतं, घरी येऊन पडलो तर झोप येईना म्हणून उशाजवळचा ॲब्सोल्युट बॅटमॅन उचलला आणि पहिल्या अंकापासून परत सुरू केला. आता दोन्हीची डोक्यात खिचडी झालीये, बायकोने ऐकायला साफ नकार दिलाय, म्हणून हा धागा.

आधी माझी ओळख. राजापूरच्या बाजूला राहतो, रस्त्याच्या आणि साकवाच्या कामांवर सुपरवायझर आहे. कॉमिक्स कॉलेजात लागली, तेव्हा नेटवरचे फुकटचे स्कॅन वाचायचो, खोटं कशाला बोला. आता पगार आहे तर विकत घेतो, सगळे अंक नाही, चार-पाच डॉलरचा एक अंक आणि आत गोष्टीची पानं वीस-बावीस, म्हणजे वडापाव खाऊन संपायच्या आत अंक संपतो. त्यामुळे जे खरंच आवडेल तेच घेतो आणि म्हणून मतं जरा कडक आहेत. आणि स्पॉयलर आहेत, नंतर ओरडू नका.

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डीसी ह्या बॅटमॅन-सुपरमॅनवाल्या कंपनीने ऑक्टोबर २०२४ पासून ॲब्सोल्युट नावाने वेगळं विश्व चालू केलंय. हिरो तेच पण प्रत्येकाच्या पायाखालची एक मोठी फळी काढून घेतलेली. बॅटमॅन लिहितोय स्कॉट स्नायडर, चित्रं निक ड्रॅगोटाची. इथला ब्रूस वेन श्रीमंत नाही. वाडा नाही, बटलर नाही. बाप शाळामास्तर, मुलांची सहल घेऊन प्राणिसंग्रहालयात गेलेला असताना गोळीबारात मेला. आई मार्था जिवंत आहे. आणि ब्रूस आहे सिव्हिल इंजिनिअर!!

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि पाच मिनिटं नुसता बसलो. इतकी वर्षं बॅटमॅन म्हणजे काय तर सगळं विकत घेऊ शकणारा माणूस, आणि इथे त्याची ताकद काय तर शहर कसं बांधलंय हे त्याला माहितीये, पूल, भुयारं, पाइप सगळं. आमच्या साइटवर एक म्हातारा मुकादम आहे, नकाशा न बघता सांगतो इथे खणू नको खाली पाण्याची लाइन आहे, आणि असते. उद्या कोणी सांगितलं की तो रात्री मुखवटा घालून फिरतो तर मी म्हणेन हो असेल.

शिवाय हत्यारं बघा. छातीवरचं वटवाघूळ उपसून काढलं की कुऱ्हाड. कानांचे सुरे. गाडी म्हणजे खाणीवर असतो तसला अवाढव्य डंपर. चिरेखाणीच्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला ती गाडी बघून वेगळीच आपुलकी वाटते. आणि उलट बाजूला पैसा सगळा जोकरकडे, आणि हा जोकर हसत नाही. जुन्या गोष्टीतला बटलर आल्फ्रेड आहे पण तो चहा घेऊन येत नाही, तो ब्रिटिश गुप्तहेर आहे आणि सुरुवातीला ब्रूसवर नजर ठेवायला आलाय. जुन्या गोष्टीतला पोलीस अधिकारी गॉर्डन इथे मेयर. वेलन जोन्स, हार्वी, ऑस्वाल्ड, एडवर्ड, सेलिना हे सगळे ब्रूसचे लहानपणचे सोबती. इथेच खरी गंमत आहे कारण आपल्याला माहितीये जुन्या गोष्टीत हेच पुढे बॅटमॅनचे शत्रू होतात, त्यांना नाही माहीत.

मला सगळ्यात आवडले ते मधले मिस्टर फ्रीझचे दोन अंक, सातवा-आठवा, त्यांची चित्रं मार्कोस मार्टिनची आहेत. ड्रॅगोटा म्हणजे ढोल-ताशा, मार्टिन म्हणजे एकटी पेटी. त्यानंतर बेन (Bane) हा खलनायक येतो आणि तिथे मात्र माझं थोडं बिनसलं. रक्त, हाडं, सुजलेली शरीरं, पानंच्या पानं. वेलनची जी अवस्था होते ती वाचून पोटात गोळा आला, तिथवर ठीक, पण त्यानंतर दर पानाला आधीच्यापेक्षा मोठा धक्का द्यायचाच म्हटलं की मग धक्का बसायचा थांबतो.

सुपरमॅन (जेसन आरन, चित्रं राफा सँडोव्हाल) : क्रिप्टॉन ह्या त्याच्या ग्रहावर त्याचं एल घराणं कष्टकऱ्यांचं, पोरगा पृथ्वीवर येतो तो मोठा होऊन, आईबाप गमावून, कॅन्सासच्या शेतात बाळ म्हणून नाही. कल्पना जबरदस्त, वाचायला जड. एरवी पत्रकार असणारी त्याची लोइस तर इथे एका कंपनीच्या फौजेत आहे. पुढे बघू.

दुसरीकडे मार्वल, स्पायडरमॅनवाली कंपनी. जोनाथन हिकमनचा अल्टिमेट स्पायडरमॅन जानेवारी २०२४ ला सुरू झाला, चित्रकार मुख्यतः मार्को चेकेट्टो. ह्यात पीटर पस्तिशीचा आहे. दाढी, बायको एमजे (मेरी जेन), दोन मुलं. कोळी त्याला पोरवयात चावायचा राहून गेला, कोणीतरी ते घडूच दिलं नाही, आणि आता सगळं सुरळीत असताना टोनी स्टार्ककडून डबी येते की हे तुझं होतं, हवं तर घे. म्हणजे अपघात नाही, निवड. मी छत्तीसचा, पोरगी दुसरीत. मला विचाराल तर त्या डबीचं पान हे गेल्या काही वर्षांतलं सुपरहिरो कॉमिक्समधलं सगळ्यात भारी पान. आणि चौथा अख्खा अंक म्हणजे दोन जोडपी हॉटेलात जेवायला बसलीयेत, बस्स. मारामारी शून्य. एवढे डॉलर मोजून लोकांचं जेवण बघितलं आणि एक पैसा वाया गेला असं वाटलं नाही. काका बेन (Ben, वरचा खलनायक नव्हे) जिवंत आहे ह्यात, काकू मे नाही, आणि बेन आणि जेमसन दोघे म्हातारे पेपरची नोकरी सोडून स्वतःचा पेपर काढतात. मला तर तो पेपरच वेगळा वाचायला आवडेल. आणि मार्वलने ती अख्खी अल्टिमेट लाइन आवरायची ठरवली.

तर दशावतार कुठे आला ह्यात. त्या रात्री आख्यानात काय होणार हे पुढे तरटावर बसलेल्या म्हातारीपासून मांडीवर झोपलेल्या पोरापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. लिहिलेली संहिता नाही, संवाद जागच्या जागी. तरी माणसं थंडीत उजाडेपर्यंत बसली, कारण आजचा राजा कसा बोलतो ते ऐकायचं होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की हे नवे अंक त्याच कारणाने चाललेत. बाकी वर्षातून दोनदा 'ह्यानंतर काहीच पहिल्यासारखं राहणार नाही' म्हणून जे महाइव्हेंट येतात ते मी आता घेत नाही. सहा महिन्यांत सगळं पहिल्यासारखंच असतं.

बोला.

कुडाळी कोकम

बरा लिवलंस रे. माका इंग्रजी तितक्या जमणा नाय, झील वाचून दाखयता आणि मी चित्रा बगतंय, पण तो डंपर बगून मी पण खूष झालंय.

एक सांगतंय, रागाव नको. तुमी लोक म्हणतास गरीब हिरो नवीन आसा. आमच्या आरवलीच्या वेतोबाक बग. पैसो नाय, बटलर नाय, गाडी तर नायच, रात्रभर चलान गावाची राखण करता म्हणान लोक तेका चामड्याची मोठी व्हाणा देतत आणि ती झिजतत. केळ्यांचो घड दिलो की झाला. आता सांग ॲब्सोल्युट कोण?

भरती-ओहोटी

कोकमानू 🙏 ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. झिजलेल्या व्हाणा हे डिटेल कुठल्याच कॉमिकवाल्याला सुचलेलं नाही. बॅटमॅनचे बूट कधी झिजलेले दाखवलेत का कोणी?

जुना वेताळप्रेमी

वेतोबाचा विषय निघालाच आहे तर आमच्या वेताळाचंही ऐका, म्हणजे इंग्रजीतला फँटम. मी इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेला माणूस आहे. १९६४ ला सुरू झालं, १९९० ला बंद पडलं, आणि मधली सगळी वर्षं एसटी स्टँडच्या बुकस्टॉलवर नवीन अंक लटकलाय का हे बघणं हे आमचं काम. मराठीत मिळायचं बरं का, वेताळ मराठीत बोलायचा. तुमचा हा इंजिनिअर मराठीत कधी बोलणार?

पण मला मुद्द्याचं बोलायचंय. ली फॉकने १९३६ ला वेताळ काढला तेव्हाच हा तुमचा रिबूटचा, म्हणजे गोष्ट परत पहिल्यापासून मांडायचा प्रश्न सोडवून टाकला होता. हा वेताळ एकविसावा. बाप मेला की मुलगा कवटीसमोर शपथ घेतो, तोच वेष चढवतो, आणि जंगलातल्या लोकांना वाटतं हा तोच, न मरणारा. म्हणजे बदल पण होतो आणि गोष्ट तुटत पण नाही. ह्यांना दर दहा वर्षांनी सगळं पाडून परत बांधावं लागतं ते त्यांच्या हिरोला मूलबाळ नीट होऊ देत नाहीत म्हणून. तुम्हाला तो दाढीवाला पीटर का आवडला? कारण त्याला पोरं आहेत. आमच्या वेताळाला केव्हाच झाली.

सड्यावरची

वेताळप्रेमी, मुद्दा छान आहे पण त्या एकवीस जणांत किती बायका होत्या सांगा बघू 😊

भरती-ओहोटी, तुम्ही एवढं लांबलचक लिहिलंत आणि वंडर वुमनवर एक ओळ नाही! ॲब्सोल्युटमधली सगळ्यात चांगली मालिका ती आहे आणि हे माझं एकटीचं मत नाही, २०२५ चा उत्कृष्ट नव्या मालिकेचा आइझनर, म्हणजे कॉमिक्सचा मोठा पुरस्कार, तिलाच मिळालाय. लेखिका केली थॉम्प्सन, चित्रं हेडन शर्मन, रंग जॉर्डी बेलेअर.

इथे काय काढून घेतलंय ते बघा. बॅटमॅनचा पैसा काढला, हिची तर माणसंच काढली. बेट नाही, आई नाही, बहिणी नाहीत, ॲमेझॉन हा शब्दसुद्धा उच्चारायला बंदी. तान्ही पोर नरकात सर्सी चेटकिणीच्या पदरात टाकलीये आणि त्या चेटकिणीला ती नकोय. मग पान उलटत जाता तशी ती चेटकीण आई होत जाते, कुठेही भाषण नाही, रडारड नाही. मी दोन मुलांची आई आहे, त्यातलं एक असंच ध्यानीमनी नसताना वाढवायला आलेलं, नणंदेचं. पहिला अंक वाचून मी उठून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, तो म्हणाला काय झालं, म्हटलं काही नाही झोप.

आणि एवढी मोठी तलवार, हाडांचा सापळा असलेला उडता घोडा, नरकात वाढलेली बाई, असं सगळं असूनसुद्धा ती कडू नाहीये. स्टीव्ह नावाच्या सैनिकाला नरकातून बाहेर काढायला स्वतःचा हात देऊन टाकते आणि त्याचा गाजावाजा नाही. तुमचा बॅटमॅन सारखा दात ओठ खात असतो. गरिबी आली म्हणजे राग आलाच पाहिजे असं पुरुष लेखकांना का वाटतं काय माहीत.

भरती-ओहोटी

चूक मान्य. वंडर वुमनचे माझ्याकडे पहिले दोनच अंक होते, म्हणून बोललो नाही. शेवटचं वाक्य मात्र डोक्यात राहिलं, त्यावर जरा विचार करून लिहितो.

चाकरमानी खोली नं. ७

मुक्काम मुंबई, जीव देवगडात. मला एक साधा प्रश्न आहे आणि तो कोणी विचारत नाही. तुमचा बॅटमॅन गरीब आहे ना, मग तो डंपर आला कुठून??? डिझेल कोण भरतं? मी इथे वन बीएचकेचा हप्ता भरतो, मला स्कूटरचं टायर बदलायचं तर पुढच्या पगाराची वाट बघतो, आणि हा नोकरी करून रात्री दोन मजली रणगाडा फिरवतो आणि त्याचे खांदे बघा, एवढं अंग कमवायला दिवसाला किती अंडी लागत असतील हिशोब करा. हे श्रीमंत लेखकाने कल्पलेली गरिबी आहे. खरा गरीब बॅटमॅन पहिल्या रात्री पाठ धरली म्हणून दुसऱ्या रात्री रजा टाकेल, आणि रजा मंजूर होणार नाही.

बाय द वे मी दोन्ही बॅटमॅन-डेडपूल घेतले. सप्टेंबर २०२५ ला मार्वलवाला आला, झेब वेल्स आणि ग्रेग कपुलो, आणि नोव्हेंबरात डीसीवाला, ग्रँट मॉरिसन आणि डॅन मोरा. दोन कंपन्या एकत्र आल्या त्या थेट २००३ च्या जेएलए-ॲव्हेंजर्सनंतर, म्हणजे तेव्हा मी शाळेत होतो. अपेक्षा काय होत्या आणि मिळालं काय, तर बरं मिळालं. कपुलोचा बॅटमॅन परत बघून डोळे निवले. मॉरिसनचा अंक मी दोनदा वाचला, पहिल्यांदा कळला नाही, दुसऱ्यांदा कळला असं वाटलं. मार्वलवाल्याच्या मागे छोट्या गोष्टी आहेत त्यात जेफ नावाचा शार्क आणि सुपरमॅनचा कुत्रा क्रिप्टो ह्यांची गोष्ट आहे ती माझ्या पुतणीने फाडून भिंतीला लावलीये. हो, फाडून. मी काही बोललो नाही, गणपतीला गावी आलेलो असताना मीच तिच्या वहीच्या पानांच्या होड्या केलेल्या.

भरती-ओहोटी

फाडून 😭

डंपरबद्दल, हो, बरोबर आहे. तिथे कॉमिक आपल्याला डोळा मारून पुढे जातं, आणि मी पण मारू दिला. पण 'श्रीमंताने कल्पलेली गरिबी' हे मला पूर्ण पटत नाही. कारण पैशाचा हिशोब बाजूला ठेवला तरी एक गोष्ट बदलते, ती म्हणजे तो कोणासाठी लढतोय. जुना ब्रूस टेकडीवरच्या वाड्यातून शहरात उतरायचा, उपकार केल्यासारखा. हा त्याच गल्लीत राहतो. शेजारच्या खिडकीची काच फुटली तर ती त्याच्या ओळखीची काच आहे. आमच्याकडे पावसात दरड कोसळते तेव्हा सगळ्यात आधी वरच्या वाडीतली पोरंच कुदळ-फावडी घेऊन पोचतात, सरकारी गाडी रस्ता मोकळा झाल्यावर येते. त्या पोरांच्यात आणि गाडीत जो फरक तो ह्या दोन बॅटमॅनमध्ये.

सड्यावरची ताई, आता तुमचं. काल रात्री बेनचे अंक परत चाळले. राग आहे, भरपूर आहे, आणि मला वाटतं लेखकाला तो राग इतका आवडलाय की ब्रूस इंजिनिअर आहे हे अधूनमधून विसरायला होतं त्याला. सुरुवातीच्या अंकांत तो विचार करून जिंकायचा. बेनसमोर नुसता मार खातो आणि मार देतो. मला बिनसलं म्हणालो ते रक्तामुळे नाही बहुतेक, ह्यामुळे. हे तुमच्यामुळे सापडलं.

कसर-मुक्त कोकण

गोष्टी वगैरे चालू द्या, मी व्यवहाराचं विचारतो. दमट हवेत अंक टिकवता कसे? माझा पावसाळ्यात मागवलेला एक पार्सल असा भिजून आला की आतले चार अंक एकमेकांना चिकटून एकच जाड अंक झाला होता, इस्त्री करून बघितली, आणखी वाट लागली. दुकानदार म्हणतो आम्ही कोरडाच पाठवला.

भरती-ओहोटी

इस्त्री नको कधीच. ओला अंक पंख्याखाली उभा, पानांच्या मध्ये मध्ये साधा कोरा कागद, आणि कागद बदलत राहायचा. पण चकचकीत कागद एकदा चिकटला की देवाचं नाव घ्यायचं. मी जूनच्या आधीच सगळे प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात टाकतो, सिलिका जेलच्या पुड्या सोबत. दर दसऱ्याला उन्हं दाखवतो, थेट उन्हात नाही, पडवीत. डांबरगोळ्या ठेवू नका, एक वर्ष ठेवल्या होत्या, अजून थॉर वाचताना बाथरूममध्ये बसल्यासारखं वाटतं.

जुना वेताळप्रेमी

माझी इंद्रजालं पत्र्याच्या ट्रंकेत तांदळाच्या कणगीशेजारी होती. वाळवी लागली ती ट्रंकेखालच्या लाकडी फळीला, ट्रंक शाबूत. पण नंतर घरदुरुस्तीच्या वेळी गड्याने रद्दीत घातली. वाळवीपासून वाचवाल हो, माणसांपासून कसं वाचवणार.

पवित्र पाव्हणा

धागा वाचून राहवलं नाही म्हणून पहिल्यांदाच लिहितोय, सांभाळून घ्या. वेंगुर्ल्याचा आहे.

तुम्ही सगळे काढून घेण्याबद्दल बोलताय, मला 'बदलून घालण्या'बद्दल बोलायचंय. २००४ मध्ये स्पायडरमॅन इंडिया आला होता, चार अंकांचा, जीवन कांगची चित्रं. मी सातवीत होतो आणि अक्षरशः नाचलो होतो. पवित्र प्रभाकर, मुंबई, धोतर नेसलेला स्पायडरमॅन! मग मोठेपणी परत वाचला आणि जाणवलं की ह्यात काहीच आपलं नाहीये. पीटरचा पवित्र, मेरी जेनची मीरा जैन, मे काकूची माया, काका बेनचा भीम काका, नॉर्मन ऑस्बॉर्नचा नलिन ओबेरॉय. आद्याक्षरं जुळवलीयेत नुसती. कोळ्याच्या जागी एक योगी येऊन शक्ती देऊन जातो. म्हणजे दशावतारात राजाच्या डोक्यावरचा मुकुट काढून हॅट घातली आणि म्हटलं बघा नवीन आख्यान, तसं.

तोच पवित्र २०२३ च्या सिनेमात आला तेव्हा किती जिवंत वाटला, कारण त्याला स्वतःचं बोलणं होतं, चहाला 'चाय टी' म्हटलेलं त्याला खपत नाही. एवढ्याशा रागाने तो आपला झाला. कपड्याने नव्हे.

म्हणून भरती-ओहोटींचं म्हणणं मला पटतं पण थोडं पुढे नेऊन. नुसतं काढून घेऊन भागत नाही. काढल्यावर जी जागा मोकळी होते तिथे काय रुजतं ते बघायचं. वंडर वुमनमध्ये सर्सी रुजली. बॅटमॅनमध्ये मित्र रुजले. सुपरमॅनमध्ये अजून माझ्या मते माती उकरून ठेवलीये, पेरणी बाकी.

सड्यावरची

पाव्हणे, पहिल्यांदाच लिहिताय आणि सगळ्यांच्या वरचढ लिहून गेलात. लिहीत जा.

कुडाळी कोकम

वेंगुर्ल्याचो म्हटल्यार तसाच असतला 😄

माझ्या झीलान विचारलान, तो मंगळावरचो माणूस कोणी वाचल्यान काय? तेका तो सगळ्यात आवडलो.

पवित्र पाव्हणा

हो हो वाचलाय! ॲब्सोल्युट मार्शियन मॅनहंटर, लेखक डेनिझ कँप, चित्रकार हाविएर रॉड्रिगेझ. सहा अंकांचीच ठरलेली मालिका, मग बाराची केली. जॉन जोन्स हा एफबीआयचा माणूस, बॉम्बस्फोटातून वाचतो आणि त्याला लोकांच्या मनातलं रंगीत धुरासारखं दिसायला लागतं. शब्दांत सांगून काही कळणार नाही, ते रंग बघावेच लागतात. कोकम काका, हा इंग्रजी कमी येणाऱ्यालाही कळेल, कारण अर्धी गोष्ट रंगातच आहे. तुमच्या झिलाची निवड टॉप आहे.

चाकरमानी खोली नं. ७

तो मी मोबाइलवर वाचला आणि फार मोठी चूक केली. पान पूर्ण दिसत नाही, एकेक चौकट मोठी करून बघताना सगळा धूर विस्कटतो. कॉमिक्सॉलॉजीचं ॲप होतं तेव्हा त्यातल्या त्यात बरं होतं, डिसेंबर २०२३ ला ते ॲमेझॉनच्या किंडल ॲपमध्ये ढकललं आणि तेव्हापासून मी जमेल तसा कागदावर आलो.

नवशिका नाखवा

दादा-ताई, मी फक्त सिनेमे बघितलेत. मासेमारीवर असतो, जून-जुलै बंदीत वेळच वेळ असतो, बाकी वर्षभर रात्रीचे चार तास मोकळे, पण समुद्रात नेट नाही. कुठून सुरू करू आणि आधीचं ऐंशी वर्षांचं वाचावं लागेल का?

भरती-ओहोटी

नाखवा, काही वाचावं लागणार नाही, हीच तर ह्या मालिकांची मजा. सिनेमे बघितलेत ना, बॅटमॅन श्रीमंत असतो एवढं माहितीये ना, बास. सुटे अंक घेऊ नका, महाग पडतात आणि बोटीवर टिकणार नाहीत. ॲब्सोल्युट बॅटमॅनच्या पहिल्या सहा अंकांचं एक पुस्तक आहे, 'द झू' नावाचं, ते घ्या. अल्टिमेट स्पायडरमॅनचंही तसंच पुस्तक आहे. त्यातली एक गंमत सांगतो, त्याचा एक अंक म्हणजे गोष्टीतला साधारण एक महिना. म्हणजे वाचणाऱ्याच्या घरी दिवाळी तर पीटरच्या घरी पण सहामाही सरलेली. महिन्याला एक वाचलात तर त्याची पोरं तुमच्या पोरांबरोबर मोठी होतील.

मार्वलचं सबस्क्रिप्शनवालं ॲप पण आहे, नवीन अंक तीनेक महिने उशिरा येतात त्यावर, पण किनाऱ्यावर असताना डाउनलोड करून ठेवता येतात.

सड्यावरची

नाखवा, आणि वंडर वुमन. ह्यांचं ऐकून ती मागे ठेवू नका.

जुना वेताळप्रेमी

मला पण एक विचारायचंय, लाज वाटतेय. ते दोन म्हाताऱ्यांच्या पेपरवालं पुस्तक कुठल्या नावाने मागायचं? मी तालुक्याच्या पेपरात तीस वर्षं प्रुफं तपासली आहेत. बाकी कोळीबिळी नको मला, तेवढीच पानं वाचीन.

भरती-ओहोटी

काका लाज कसली. अल्टिमेट स्पायडरमॅन, पहिला खंड. विकत घेऊ नका, माझा आहे. येत्या शनिवारी कामासाठी रत्नागिरीला येतोय, स्टँडवर दुपारी तीनच्या सुमारास असेन, निळी छत्री. हो थंडीत छत्री, पार्सल भिजल्याचं ऐकल्यापासून विश्वास उरलेला नाही.

जुना वेताळप्रेमी

येतो. बुकस्टॉलपाशी उभा राहीन. म्हणजे जिथे बुकस्टॉल होता तिथे, आता मोबाइल कव्हरं विकतात.

चाकरमानी खोली नं. ७

काका, फाडू नका म्हणजे झालं.